मिठाची खेप उतरल्यावर

दिवाळीनंतर आमच्या वडवणी-तेलगाव-माजलगाव पट्ट्यात कापसाच्या गाठींची भाडी निघतात. गाठी घेऊन गाडी गुजरातेत गेली की रिकामं परतणं परवडत नाही, म्हणून येताना मीठ. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ तिकडंच पिकतं, त्यामुळं परतीचं भाडं सहसा तुटत नाही. पुढच्या खेपेला त्याच हौद्यात पुन्हा कापूस भरायचा असतो. हौदा खारट, ओलसर दिसला की जिनिंगवाला गाडी दारातूनच मागं लावतो. म्हणजे धुणं आलंच. पण माझ्या पाहण्यात गाड्यांचं जेवढं वाटोळं मिठानं झालं, त्याहून जास्त अर्ध्यामुर्ध्या धुण्यानं झालं.

आपल्याकडं हिवाळ्यात दिवसा हवा कोरडी असते. तेव्हा मीठ लोखंडावर नुसतं पडून राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठही पाझरायला लागतं, आणि मिठागरातल्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यानं ते त्याच्या कितीतरी आधी ओल धरतं. पहाटेचं दव तेवढ्याला पुरतं. गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मीठ त्यांचं काम झपाट्यानं उरकून देतं. अमेरिका-कॅनडात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवरच मीठ टाकतात, तिथल्या ट्रकवाल्यांचंही दुखणं हेच. थोडं पाणी मारून सोडलं की मीठ विरघळतं आणि फटीफटीत जाऊन बसतं. त्यापेक्षा कोरडं होतं ते बरं.

आमची गाडी एका वॉशिंग सेंटरवर अशीच धुतली गेली. पोरानं प्रेशरची बंदूक थेट हबच्या सीलवर धरली, वरून चासीवर डिझेल आणि जळकं ऑइल फवारलं. गाडी काळीभोर, चकचकीत. पुढं काही आठवड्यांनी पुढच्या चाकाचं हब तापायला लागलं. मिस्त्रीनं खोललं तर ग्रीस ताकासारखं पांढरं आणि बेअरिंगवर गंज. डिझेलची हौस अनेकांना असते, पण त्यानं रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते आणि खाली राहिलेलं मीठ झाकलं जातं. जुनी गाडी घेताना चासी फार तुळतुळीत दिसली तर मी आधी खरवडून बघतो.

पाण्याला हात लावण्याआधी फाळके उघडा आणि झाडू घ्या. कोपरे, फळ्यांच्या फटी, पाट्यांच्या वरची बाजू, चासीच्या पन्हाळीचं पोट, सगळं कोरडंच झाडा. ताडपत्री आणि दोर लांब नेऊन झटका, नाहीतर तेच मीठ परत हौद्यात. मग भरपूर पाणी, कमी जोरानं. बंदूक वापरायचीच तर हातभर लांबून, आणि हब, अल्टरनेटर, वायरिंगचे जोड, जॉइंटचे क्रॉस यांच्यावर रोखायची नाही. घाटातून आलेली गाडी लगेच धुऊ नका. तापलेल्या ब्रेक ड्रमवर गार पाणी पडलं तर ड्रमला तडा जाऊ शकतो. ॲसिड आणि कॉस्टिकवाली पावडर तर नकोच, रंग जातोच, ॲल्युमिनियमच्या टाकीलाही खाते. साधा साबण, आणि साबणानंतर पुन्हा साधं पाणी.

वेळ सकाळी दहा-अकराची बरी. दिवसभर ऊन मिळतं, रात्रीच्या दवाआधी सांधे सुकतात. संध्याकाळी धुऊन उभी केलेली गाडी रातभर ओलीच राहते. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यानं सुकल्यावर पांढरे डाग उरतात आणि मीठ राहिलं की काय अशी शंका येते. ओलं फडकं फिरवा: मीठ पुसून जातं, जड पाण्याचा थर जात नाही.

सुकल्यावर ग्रीसिंग चुकवू नका. किंगपिन, पाट्यांच्या पिना, क्रॉस, सगळीकडं जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. रस्त्याला लागण्याआधी हळू चालवत चार-सहा वेळा ब्रेक दाबा; ओले लायनर पहिल्या दाबाला धरत नाहीत.

धुतलेलं पाणी काळ्या रानात सोडू नका. मिठातल्या सोडियमनं मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते आणि ती सुधारायला जिप्सम टाकत बसावं लागतं. आम्ही विहिरीपासून लांब, मुरमाड पडीक जागा त्यासाठी ठेवली आहे. झाडलेलं मीठ आधीच पोत्यात भरलेलं असतं, त्यामुळं तिथंही थोडंच जातं.