कुटुंबाच्या आहाराची पाहणी

पीक पिवळें पडलें तर नत्र कमी झालें कीं मुळाशीं पाणी सांचलें, हें पाहिल्याखेरीज शहाणा शेतकरी खताचें पोतें फोडीत नाहीं. घरांतील माणसांविषयीं मात्र आपण न पाहतांच उपाय योजतों. मुलगी थकलेली दिसली कीं औषधाची बाटली येते. तिच्या ताटांत काय पडतें, हें कोणी विचारीत नाहीं.

बार्शीटाकळीकडील शेतेंच पहा. पूर्वी कपाशींत तुरीची ओळ, मूग-उडदाचें आंतरपीक, धुऱ्यावर अंबाडी आणि खाण्यापुरती ज्वारी, असा वऱ्हाडांतील रिवाज होता. १९९० नंतर सोयाबीन पसरलें व ज्वारी मागें पडली. सोयाबीनानें रोख पैसा दिला, याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु तें शेतांतून थेट बाजारांत जातें, घरच्या डब्यांत राहत नाहीं. (कच्चें तर तें खाण्याजोगेंही नाहीं, नीट शिजविल्यावांचून त्यांतील प्रथिनें अंगीं लागत नाहींत.) म्हणून ज्या घरचें उत्पन्न वाढलें त्या घरचें वरण दाट झालें, असें गृहीत धरूं नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ५४ जणींना रक्तक्षय आढळला. हा आकडा साऱ्या राज्याचा झाला. आपल्या गांवचा आपणच काढावयास हवा.

"तुम्ही काय खातां?" असें विचारल्यास पाहुण्यास सांगावें तसें उत्तर मिळतें. त्याऐवजीं कालच्या एका दिवसाचा हिशेब घ्यावा: सकाळीं चूल पेटल्यापासून रात्रीपर्यंत काय शिजलें, भाजी किती माणसांत किती वाटली, डाळ किती घातली. मग शेवटचा प्रश्न करावा कीं, सर्वांमागून कोण जेवलें आणि तेव्हां भांड्यांत काय उरलें होतें. सारी पाहणी बहुधा या एका प्रश्नांत असते. तो पुरुषांदेखत विचारूं नये. सासूसमोर सूनही खरें बोलणार नाहीं. यासाठीं आशाताई किंवा अंगणवाडीताई यांनाच पुढें करावें. लहान मुलांच्या वजन-उंचीची नोंद अंगणवाडींत असतेच. सहा महिन्यांपुढील व पांच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर पाहणी संपण्याची वाट न पाहतां त्यास आरोग्य केंद्रांत न्यावें.

तरुण मुलामुलींना निराळें विचारावें. सकाळच्या गाडीनें अकोल्यास शिकावयास जाणारा मुलगा घरीं काय खाऊन निघाला, हें त्याच्या आईलाही पुष्कळदां ठाऊक नसतें. शाळेंत आठवड्यास एक लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. ती मिळाली काय, एवढेंच न विचारतां गिळली काय, हेंही विचारावें. उपाशीपोटीं घेतल्यानें मळमळ होते आणि मुली ती टाकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी; लगेच वर चहा पिऊं नये, कारण चहानें लोह अंगीं लागत नाहीं. जेवणांत लिंबू वा आवळा असल्यास अन्नांतील लोह अधिक पचतें.

पाहणी वर्षांतून दोनदां तरी करावी. कापूस विकल्यानंतरचें ताट आणि श्रावणांत निंदणीच्या दिवसांतील ताट एक नसतें. दुसरी फेरी वैशाखांत घेतल्यास बियाणें घेण्यापूर्वीं हिशेब हातीं येतो. नांवें वहींतच ठेवावीं, ग्रामसभेंत केवळ आकडे वाचावे. आणि मृगापूर्वीं कोणाच्या शेतांत मुगाच्या किती ओळी व कोणाच्या धुऱ्यावर अंबाडी, हें तेथेंच लिहून घ्यावें.