बँजोचे मूळ घराणे : एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेचा परिचय

(द्वितीय वर्ष, कला)

बँजो म्हटले की अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातील गोरा वादक डोळ्यांपुढे उभा राहतो. बिल मन्रो यांनी १९३९ साली 'ब्लू ग्रास बॉइज' हा संच काढला. त्यावरून नाव पडलेल्या ब्लूग्रास संगीताचे तर हे प्रमुख वाद्य. परंतु बँजो मूळचा गोऱ्यांचा नव्हे. भोपळ्यावर कातडे ताणलेल्या पश्चिम आफ्रिकेतील वाद्यांची आठवण गुलाम करून आणलेल्या लोकांनी जपली व परमुलखात तिला नवे रूप दिले.

मग हे मूळ विसरले कसे गेले? एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळे फासून, बँजो वाजवीत कृष्णवर्णीयांची टवाळी करीत. पुढे १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी गोऱ्यांचे 'हिलबिली' व कृष्णवर्णीयांचे 'रेस' असे दोन कप्पे पाडले. बँजो पहिल्या कप्प्यात गेला.

या दृष्टीने 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' या संचाची 'जेन्युइन निग्रो जिग' (२०१०) ही ध्वनिमुद्रिका महत्त्वाची वाटते. रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स व जस्टिन रॉबिन्सन हे तरुण कृष्णवर्णीय कलावंत २००५ साली नॉर्थ कॅरोलिनातील बँजो मेळाव्याच्या निमित्ताने एकत्र आले. पुढे दर गुरुवारी ते मेबेन गावी जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडे जाऊ लागले. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. जो यांनी फर्निचरच्या कारखान्यात नोकरी केली. वादन मात्र घरातच, वडिलांकडून आलेले. गिडन्स यांनी ऑपेरा गायनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. येथे ऐकायचे आणि सोबत वाजवायचे, एवढाच अभ्यासक्रम.

मुद्रिकेच्या नावाची धून ओहायोतील स्नोडेन या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या नावानेही ओळखली जाते. जुन्या नृत्यधुनींशेजारी २००१ सालचे एक लोकप्रिय गीतही येथे फिडल-बँजोवर आले आहे. परंपरा ही कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे, हेच त्यातून दिसते. २०११ साली या मुद्रिकेस पारंपरिक लोकसंगीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जो थॉम्पसन २०१२ मध्ये निवर्तले. हे तिघे थोडे उशिरा निघाले असते, तर ते दार बंद झालेले असते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकलेल्याने सांगावे व घरच्यांनी ऐकावे, असे मला वाटत असे. हे तिघे शिकूनसवरून पुन्हा शिष्य झाले. येत्या सुटीत आजीजवळ बसून नुसते ऐकायचे, असे मी ठरविले आहे.