पहिला रेझ्युमे कसा लिहावा? (दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी)



दहावी-बारावीची परीक्षा संपली की मोठी सुट्टी मिळते. कुणी मेडिकलच्या दुकानात मदतीला जातं, कुणी लहान मुलांची शिकवणी घेतं, कुणाला एखाद्या संस्थेत स्वयंसेवक व्हायचं असतं. चौकशीला गेलं की समोरचा माणूस सहज म्हणतो, "तुझा रेझ्युमे पाठवून दे." आणि इथेच गाडी अडते. "सर, मी अजून कुठेच नोकरी केलेली नाही, मग लिहू काय?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्यावर सोपा उपाय म्हणून सायबर कॅफेत जाऊन दुसऱ्याच कुणाचा तरी रेझ्युमे नाव बदलून छापून आणला जातो. त्यावर नाव आणि जन्मतारीख तुमची असते, पण बाकीच्या मजकुरात तुम्ही कुठेच नसता.

हे टाळण्यासाठी पहिला रेझ्युमे स्वतःचा स्वतः कसा लिहायचा, ते आज पायरीपायरीने पाहू.

१. रेझ्युमे म्हणजे काय?

रेझ्युमे हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ 'सारांश'. तुमचं शिक्षण, तुम्ही केलेली कामं आणि तुम्हाला येणाऱ्या गोष्टी यांचा एका पानात मावणारा सारांश म्हणजे रेझ्युमे. 'सीव्ही' हा शब्दही कानावर येतो. प्राध्यापक, संशोधक आपली सगळी कारकीर्द सविस्तर लिहितात, तो सीव्ही. तो अनेक पानांचा असू शकतो. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही.

आपल्याकडे 'बायोडेटा' हा शब्द नोकरीलाही चालतो आणि लग्नालाही. त्यामुळे मोठी गल्लत होते. उंची, वर्ण, जात, रास, मामांचं गाव हे सगळं लग्नाच्या बायोडेटातलं. कामाच्या रेझ्युमेत यातलं काहीही लिहायचं नसतं.

२. 'मला अनुभव नाही' हे खरं आहे का?

पगार मिळाला नाही म्हणजे काम केलं नाही, असं होत नाही. खालची यादी वाचा आणि यातलं तुम्ही काय केलं आहे, त्यावर खूण करा.

• संध्याकाळी घरच्या दुकानात बसता: हिशोब, उधारीची वही, यूपीआयने आलेले पैसे तपासणं, गिऱ्हाइकाशी नीट बोलणं.
• शेतमाल घेऊन वडिलांबरोबर मार्केट यार्डात जाता: वजन बघणं, आडत्याची पट्टी तपासणं, भाव लिहून ठेवणं.
• गणेशोत्सव मंडळात असता: वर्गणीची पावतीपुस्तकं सांभाळणं, जमाखर्च मांडणं, दहा माणसांकडून वेळेत काम करून घेणं.
• धाकट्या भावंडांचा अभ्यास घेता: समजावून सांगण्याची हातोटी, संयम.
• आजीला बँकेत किंवा दवाखान्यात नेता: फॉर्म भरणं, औषधांच्या वेळा लक्षात ठेवणं.
• शाळेत एनसीसी, स्काऊट-गाईड किंवा आरएसपीत होता, परिपाठाचं सूत्रसंचालन केलंत, विज्ञान प्रदर्शनात भाग घेतलात: शिस्त, चारचौघांत बोलणं, गटात काम करणं.

याशिवाय एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, एमएस-सीआयटी, मराठी टायपिंग ३० शब्द प्रति मिनिट, हिंदीच्या परीक्षा, तालुका-जिल्हा पातळीवरचे खेळ यांची प्रमाणपत्रं कपाटातल्या फाइलमध्ये पडून असतात. ती आधी बाहेर काढा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आईची भाजीची गाडी आहे, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, हे लिहायला अनेक मुलांना लाज वाटते. लाज कसली? आपल्याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' हा विचार गोरगरिबांच्या मुलांपर्यंत नेला. श्रम करून शिकणं हा कमीपणा नाही, हे त्या कामातून पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकली. पहाटे आईबरोबर मंडईत जाऊन नंतर वेळेत कॉलेजला पोहोचणारा मुलगा वेळ पाळणारा आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. फक्त ते कागदावर यायला हवं.

३. आधी कच्ची यादी करा

संगणकावर बसू नका. वहीचं एक पान घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

(अ) गेल्या दोन-तीन वर्षांत मी कोणतं काम नियमितपणे केलं?
(आ) लोक मला कोणत्या कामासाठी हाक मारतात?
(इ) पैशांचा, चावीचा किंवा लहान मुलांचा भरवसा माझ्यावर कुणी टाकला?
(ई) मी कोणती गोष्ट शिकून पूर्ण केली?
(उ) कोणती अडचण मी स्वतः सोडवली?

'इ' या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. नव्या मुलाला कामावर ठेवणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच असते, की याच्यावर भरवसा ठेवता येईल का?

४. वाक्य कसं लिहायचं?

'मी मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी आहे' हे वाक्य कुणीही लिहू शकतं, म्हणूनच त्याला वजन नाही. आपण काय सांगतो यापेक्षा काय केलं ते दाखवायचं. त्यासाठी प्रत्येक ओळ लिहिताना तीन गोष्टी विचारा: काय केलं? किती केलं? त्यातून काय झालं?

कच्ची ओळ: दुकानात मदत केली.
पक्की ओळ: घरच्या किराणा दुकानात दोन वर्षे रोज संध्याकाळी २ तास काम; रोजचा हिशोब आणि ४० खात्यांची उधारीची वही सांभाळली.

कच्ची ओळ: शिकवण्याची आवड आहे.
पक्की ओळ: शेजारच्या तिसरी-चौथीच्या ५ मुलांची वर्षभर गणिताची शिकवणी घेतली, पाचही मुलांचे ३० पर्यंतचे पाढे पाठ झाले.

कच्ची ओळ: मंडळाचा कार्यकर्ता.
पक्की ओळ: गणेशोत्सवात वर्गणीची ६ पावतीपुस्तके सांभाळली, शेवटी जमाखर्च लिहून मंडळासमोर वाचला.

बघा, पक्क्या ओळीत एकही मोठा शब्द नाही. तरी माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. आकडा मात्र खरा हवा. आठवत नसेल तर घरच्यांना विचारा, पण मनाने घालू नका.

५. एका पानाची मांडणी

क्रम असा ठेवा: (१) नाव आणि संपर्क, (२) कोणतं काम हवं आहे ते एका वाक्यात, (३) शिक्षण, (४) केलेली कामे, (५) येणाऱ्या गोष्टी आणि भाषा, (६) प्रमाणपत्रे व सहभाग, (७) ओळखीतल्या एक-दोन जबाबदार व्यक्तींची नावे. शिक्षक किंवा एनसीसीचे अधिकारी चालतील, मात्र त्यांची परवानगी आधी घ्या.

नमुना पाहा. पुस्तकांच्या दुकानात सुट्टीपुरतं काम हवं असलेल्या एका विद्यार्थिनीचा रेझ्युमे असा होईल:

(पूर्ण नाव)
(गाव/परिसर, मोबाइल, ईमेल)
हवे असलेले काम: पुस्तकांच्या दुकानात मे-जून महिन्यांत विक्री साहाय्यक.
शिक्षण: बारावी वाणिज्य, २०२५, निकाल प्रतीक्षेत. दहावी, महाराष्ट्र राज्य मंडळ, २०२३, ६८.४० टक्के.
केलेली कामे: शाळेच्या ग्रंथालयात एक वर्ष दर शनिवारी पुस्तकांची नोंद व मांडणी. घरच्या स्टेशनरी दुकानात दोन वर्षे संध्याकाळी विक्री व हिशोब.
येणाऱ्या गोष्टी: एक्सेलमध्ये साठ्याची यादी करणे, मराठी टायपिंग ३० शब्द प्रति मिनिट.
भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी वाचता-लिहिता येते, बोलण्याचा सराव सुरू आहे.
प्रमाणपत्रे: एमएस-सीआयटी, इंटरमिजिएट चित्रकला, 'बी' श्रेणी.

६८ टक्के लपवले नाहीत आणि इंग्रजीबद्दल फुशारकीही मारली नाही. तरी दुकानदाराला ही मुलगी उपयोगी वाटेल, कारण पुस्तकं मांडणं आणि हिशोब ठेवणं तिला येतं.

६. वाचणाऱ्याला काय हवं, ते आधी लिहा

इटलीचा जगप्रसिद्ध चित्रकार लिओनार्डो दा विंची याने सुमारे १४८२ मध्ये मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात त्याने मुद्दे क्रमाने मांडले: हलके पूल, वेढ्याची साधनं, तोफा, झाकलेले रथ. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी! कारण लढायांच्या त्या काळात सत्ताधीशाची पहिली गरज लष्करी होती. आपल्याला काय येतं यातलं समोरच्याला काय लागतं, ते वर घ्यायचं, हा धडा आपल्यालाही लागू आहे. शिकवणीसाठी अर्ज असेल तर भावंडांचा अभ्यास वर. दुकानासाठी असेल तर हिशोब वर. मजकूर तोच, क्रम बदलतो.

७. प्रत्येक ओळीवर प्रश्न येणार!

मुलाखतीत रेझ्युमे समोर ठेवूनच प्रश्न विचारतात. 'एक्सेल येते' लिहिलंत आणि समोरच्याने संगणक पुढे करून बेरीज काढायला सांगितली तर? 'वाचनाची आवड' लिहिलंत आणि "शेवटचं कोणतं पुस्तक वाचलंस?" असं विचारलं तर? उत्तर देता येत नसेल ती ओळ खोडून टाका. एक ओळ खोटी निघाली की उरलेल्या नऊ खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

८. हे लिहू नका, हे विसरू नका

• आधार क्रमांक, पॅन, बँक खाते रेझ्युमेत कधीही देऊ नका. पूर्ण पत्त्याऐवजी गाव किंवा परिसर पुरे.
• ईमेल साधा, स्वतःच्या नावाचा हवा. 'कूलबॉय' किंवा 'क्यूटएंजल' नको.
• स्थानिक दुकान, संस्था यांच्यासाठी मराठी रेझ्युमे चालतो. इंग्रजीत मागितला तर आधी मराठीत लिहा, मग छोट्या सोप्या इंग्रजी वाक्यांत करा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या.
• पांढरा कागद, एकच फाँट, रंगीत चौकटी नाहीत. पाठवताना पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या.
• व्हॉट्सॲपवर नुसती फाइल टाकू नका. आधी दोन ओळी लिहा: नमस्कार, तुमचं नाव, कोणत्या कामासाठी.

आणि सर्वांत महत्त्वाचं. नोकरी देण्याआधी कुणी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे किंवा ओटीपी मागत असेल तर तिथून मागे फिरा. कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना नोकरीवर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगांत कामाला लावता येत नाही. म्हणून कुठेही रेझ्युमे देण्याआधी घरी सांगा, जागा पाहून या, शक्यतो मोठ्यांना सोबत न्या.

स्वाध्याय

१. वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.
२. त्यातली तीन कामं निवडून 'काय, किती, काय झालं' या पद्धतीने पक्क्या ओळी तयार करा.
३. शेजारच्या मित्राशी वही बदला. त्याने प्रत्येक ओळीवर एक प्रश्न विचारायचा. उत्तर देता आलं की ओळ पक्की.
४. एका पानाचा रेझ्युमे लिहा आणि घरी मोठ्याने वाचून दाखवा. "अरे, हे पण लिही की!" असं कुणी ना कुणी म्हणेलच. तेही त्यात घाला.

दर सहा महिन्यांनी या पानात एखादी नवी ओळ पडली पाहिजे. ती ओळ मिळवण्यासाठी काय करायचं, हे ठरवायला सुट्टीइतका चांगला वेळ नाही. सर्वांना शुभेच्छा!