बारावीनंतर लगेच परदेश?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

प्रश्न असा, की कॉम्प्युटर सायन्सची पहिली पदवीच परदेशात जाऊन घ्यावी का? एम.एस.ची चर्चा आपल्या कॅन्टीनमध्ये रोज चालते. पण बी.एस.चं गणित वेगळं असतं आणि ते फारसं कुणी मांडत नाही. मी त्यात एकदा आपटलेय म्हणून मला माहीत आहे. आता माझा धाकटा भाऊ बारावीत आहे आणि त्यालाही तेच खूळ लागलंय. तुमच्या घरीही असं कुणी असेल, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या जिल्ह्याला हे खूळ नवीन नाही. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ट्रायपॉस म्हणजे तिथली बॅचलरचीच परीक्षा. पण आपण दोन गोष्टी विसरतो. परांजपे फर्ग्युसन कॉलेजातून इथली पदवी घेऊन मग गेले होते, आणि गेले ते सरकारी स्कॉलरशिपवर.

आज नेमकी इथेच गोची आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, पहिल्या पदवीसाठी नाहीत. एम.एस.ला निदान काहींना असिस्टंटशिप तरी मिळते. बॅचलरला बहुतेक ठिकाणी चार वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च आपल्याच खिशातून. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांची गोष्ट निराळी. ती परदेशी विद्यार्थ्यालाही घरची ऐपत बघून मदत करतात आणि मदत मागितली म्हणून प्रवेश नाकारत नाहीत. फक्त अर्ज करणाऱ्या शंभरातले पाचसुद्धा ती घेत नाहीत, एवढंच!

माझं काय झालं? अमेरिकेतल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं पत्र आलं. आईने पेढे वाटले. मग कळलं, की पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय कागदावर दाखवल्याशिवाय आय-ट्वेंटी नावाचा कागद मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाताच येत नाही. पप्पा बँकेत गेले. एवढ्या मोठ्या कर्जाला तारण हवं. आमच्याकडे आहे काय, तर आजोबांची आंब्याची बाग. सातबारा काढला तर त्यावर सतरा नावं! त्यातले दोघे वारलेले, चौघे मुंबईला, आणि एका आत्याचा पत्ताच कुणाला माहीत नाही. मॅनेजर साहेब सभ्य होते. चहा पाजून त्यांनी नाही म्हटलं. कोकणातल्या मुलांनी एसएटीच्या अभ्यासाआधी घरचा सातबारा वाचावा असं माझं स्पष्ट मत आहे.

जर्मनी स्वस्त म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. पण सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि बॅचलरचे कोर्स बहुतांशी जर्मन भाषेत असतात. शिवाय नुसत्या बारावीवर थेट प्रवेश नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास हवं, किंवा इथल्या डिग्रीचं एक वर्ष यशस्वी पूर्ण केलेलं हवं. म्हणजे एफ.ई.ला केटी लावून घेऊ नका.

पण मग लोक एवढा आटापिटा करून जातात कशाला? हे मला हार्वर्डच्या सीएस-फिफ्टी कोर्सने दाखवलं. हा तिथल्या नवख्यांचा पहिला कोर्स, कुणालाही नेटवर फुकट करता येतो. स्क्रॅचपासून सुरू होतो आणि दुसऱ्या आठवड्यात सी. आपण हॅश टेबल कसं शिकलो ते आठवा: व्याख्या, आकृती, कोलिजनचे प्रकार, आठ मार्क. तिथे एका असाइनमेंटला १,४३,०९१ शब्दांची फाईल हातात देतात आणि सांगतात, स्पेलचेकर बनव. हॅश फंक्शन तुझं तू ठरव. किती बकेट घ्यायच्या ते पण. चुकीचं फंक्शन लिहिलं तर प्रोग्रॅम चालतो, पण रांगत. घेतलेली मेमरी परत केली नाही तर व्हॅलग्राइंड पकडतं. माझं पहिलं फंक्शन फक्त पहिलं अक्षर बघायचं. सव्वीस बकेट आणि एकेका बकेटमध्ये मारुती मंदिरच्या स्टॉपवर संध्याकाळी असते तशी रांग. त्या रात्री मला कोलिजन कळलं. परीक्षेत त्याचे आठपैकी सात मार्क आधीच मिळाले होते.

दुसरा फरक म्हणजे तिथे ब्रँच आधी ठरवावी लागत नाही. हार्वर्डला मुख्य विषय दुसऱ्या वर्षी जाहीर करायचा असतो, तोपर्यंत इतिहास, संगीत काहीही घ्या. आपल्याकडे सीईटीच्या मार्कांवर एका राऊंडमध्ये आयुष्याची ब्रँच ठरते. (एमआयटीत तर पोहण्याची परीक्षा असते. त्यात आपली मिरकरवाड्यातली पोरं नक्की टॉप करतील.)

भावाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू तुझ्या रागावरून बोलतेस." असेलही. मग आम्ही ठरवलं: अर्ज फक्त जिथे मदत मिळते तिथेच करायचे, सीईटी सोडायची नाही, आणि पप्पांना बागेबद्दल एक शब्द विचारायचा नाही. इथे प्रवेश घ्यावा लागला तर बी.ई. करून मग एम.एस.चं बघू, परांजप्यांसारखं.

सध्या तो स्पेलचेकरवर अडकलाय. काल रात्री एक वाजता मला उठवून विचारत होता, तुझ्या फंक्शनला किती सेकंद लागले होते. मी सांगितलं नाही.