पाच मिलिसेकंदांची वाटणी : थ्रेड आणि त्यांचे कालांश

अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी संकेतस्थळ ‘लटकते’, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेक पालकांनी घेतलेला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा प्रवेशाचा, पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि सायबर कॅफेत बसलेल्या मुलाचा जीव खालीवर होतो. यंत्र लहान पडले असावे, असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा यंत्र पुरेसे असते, एकूण कामही फार नसते, आणि तरीही क्षणभराचे काम एखाद्या मोठ्या कामाच्या मागे ताटकळत राहते. हे ताटकळणे किती असावे, हे ठरवण्यात प्रोग्रामिंग भाषेच्या आत बसवलेल्या एका लहानशा आकड्याचा मोठा हात असतो. त्या आकड्याचा अभ्यास आम्ही येथे मांडत आहोत. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना तो प्रत्यक्ष उपयोगी पडावा आणि इतरांना निदान प्रश्नाचे स्वरूप कळावे, एवढीच अपेक्षा आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. चालू असलेल्या एकाच प्रोग्रॅममध्ये कामाचे अनेक प्रवाह असू शकतात. अशा प्रत्येक प्रवाहाला थ्रेड म्हणतात. एक थ्रेड गुणपत्रिकेची पीडीएफ तयार करत असतो, दुसरा नव्या विनंतीला उत्तर देत असतो, तिसरा डेटाबेसकडून येणाऱ्या माहितीची वाट पाहत असतो. थ्रेड अनेक आणि काम करण्याची जागा एक, अशी स्थिती असली की प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून द्यावा लागतो. या वाट्याला टाइम स्लाइस म्हणतात. आम्ही त्यासाठी कालांश हा शब्द वापरू. आणि प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारी भाषेची जी यंत्रणा, तिला रनटाइम म्हणतात.

वेळ वाटून देण्याची कल्पना जुनी आहे. १९६१ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच संगणक अनेक माणसांनी एकाच वेळी वापरायचा आणि प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच वाटायचा, हा तिचा हेतू होता. त्या प्रणालीतील एक गोष्ट आजही विचार करण्याजोगी आहे. लहान कामांना तेथे लवकर संधी मिळत असे. लांबत जाणारी कामे खालच्या रांगेत ढकलली जात, मात्र तेथे त्यांची वेळ आली की वाटा मोठा मिळे. म्हणजे किती वेळ द्यायचा याबरोबरच आधी कोणाला द्यायचा, याचाही विचार झाला होता. पुढे ज्या भाषांची चर्चा करायची आहे, त्यांतील एकीने या दुसऱ्या प्रश्नातून जवळजवळ अंग काढून घेतले आहे.

ती भाषा म्हणजे पायथॉन. आज शाळा-महाविद्यालयांतून शिकवली जाणारी आणि उद्योगातही सर्वत्र पसरलेली ही भाषा गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या नेहमीच्या रनटाइममध्ये ग्लोबल इंटरप्रिटर लॉक नावाचे एकच कुलूप असते. ते ज्या थ्रेडच्या हाती, त्यालाच पायथॉनच्या सूचना चालवता येतात. यंत्रात आठ कोअर असले तरी या नियमात फरक पडत नाही. त्यामुळे हे कुलूप कोणाच्या हाती किती वेळ राहते, यावर सारे अवलंबून असते.

वसतिगृहात राहिलेल्यांना ही स्थिती लगेच उमगेल. मोबाइल येण्यापूर्वी रविवारी घरी बोलण्यासाठी अधीक्षकांच्या खोलीत एकच दूरध्वनी असे आणि बाहेर रांग. आता कल्पना करावी की नियम असा आहे : बोलणाऱ्याने शंभर शब्द झाले की फोन खाली ठेवायचा, रांगेतला कोणी आला तर त्याने घ्यायचा, नाहीतर आपणच पुन्हा उचलायचा. कागदावर हा नियम न्याय्य दिसतो. प्रत्यक्षात बोलणारा फोनच्या शेजारीच उभा असतो. तो फोन खाली ठेवतो आणि दाराबाहेरचा मुलगा आत पाऊल टाकेपर्यंत पुन्हा उचलतो. बाहेरचा धावत येतो, हात हलवत परत जातो, पुन्हा धावत येतो.

पायथॉनच्या जुन्या आवृत्त्यांत नेमके हेच चाले. तेथे ‘चेक इंटरव्हल’ नावाचा आकडा होता आणि त्याची नेहमीची किंमत १०० होती. हे १०० म्हणजे वेळ नव्हे, तर इंटरप्रिटरच्या अंतर्गत सूचनांची संख्या. एखादी सूचना दोन लहान संख्यांची बेरीज करणारी, तर दुसरी हजारो अंकांच्या संख्येचा गुणाकार करणारी. दोन्हींची मोजदाद सारखीच. डेव्हिड बीझली यांनी २००९ आणि २०१० मधील आपल्या व्याख्यानांतून याचे परिणाम उघड केले. दोन कोअर असलेल्या यंत्रावर दोन थ्रेडना वाटून दिलेले आकडेमोडीचे काम, तेच काम एकामागून एक करण्यापेक्षाही हळू होत होते. मदतीला दुसरा हात दिला आणि काम लांबले, असा तो प्रकार होता.

ही व्यवस्था आंत्वान पित्रू यांनी नव्याने रचली आणि २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या पायथॉन ३.२ पासून ती लागू झाली. आता शब्द मोजले जात नाहीत, घड्याळ पाहिले जाते. आणि घड्याळ पाहतो तो बाहेर थांबलेला. पाच मिनिटे वाट पाहूनही फोन दुसऱ्या कोणाच्या हाती गेला नाही, तर तो दारावर टकटक करतो. आतला मुलगा चालू वाक्य पुरे करून फोन ठेवतो आणि दुसऱ्याने तो उचलेपर्यंत पुन्हा हात लावत नाही. बाहेर कोणीच नसेल तर टकटकही नाही आणि बोलण्यात खंडही नाही. मिनिटांच्या जागी मिलिसेकंद घातले की पायथॉनचा आजचा नियम तयार होतो. या आकड्याला ‘स्विच इंटरव्हल’ म्हणतात. त्याची नेहमीची किंमत ०.००५ सेकंद, म्हणजे ५ मिलिसेकंद. आमच्या मते ही रचना फार समंजस आहे, कारण एकट्याच चालणाऱ्या थ्रेडला तिचा भुर्दंड जवळजवळ नाही.

तरीही एक गाठ सुटलेली नाही. रांगेत असा एक मुलगा आहे की ज्याला एका वेळी दोनच शब्द बोलायचे असतात. घरी आजी आजारी आहे. तो विचारतो, पलीकडून उत्तर येते, ‘डॉक्टरांना विचारून सांगतो, थोड्या वेळाने कर’. तो फोन ठेवून बाहेर येतो. पुन्हा करायचा तर पुन्हा पाच मिनिटे थांबणे आले, कारण तेवढ्यात गप्पा मारणाऱ्याने फोन घेतलेला असतो. दहा वेळा दोन शब्द बोलायचे म्हणजे पन्नास मिनिटांची वाट. गप्पा मारणाऱ्याचे मात्र काहीच अडत नाही.

डेटाबेसशी किंवा नेटवर्कशी बोलणारा थ्रेड या मुलासारखा असतो. उत्तराची वाट पाहताना तो कुलूप आपणहून सोडतो. उत्तर आले की त्याला ते परत हवे असते, आणि त्या वेळी आकडेमोड करणारा थ्रेड ते धरून बसलेला असेल तर दर खेपेला सुमारे ५ मिलिसेकंद जातात. एका विनंतीसाठी डेटाबेसला २० लहान प्रश्न विचारायचे आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर १ मिलिसेकंदात येते, असे धरू. एरवी २० मिलिसेकंदांत संपणारे हे काम शेजारी एक अवजड थ्रेड असताना १२० मिलिसेकंदांवर जाते. अवजड थ्रेड दोन-तीन असले तर त्याहून अधिक, कारण सोडलेले कुलूप कोणाला मिळावे हे पायथॉन ठरवत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवलेले आहे. सीटीएसएसने लहान कामाला जी सवलत दिली होती, ती येथे नाही. सौजन्याने कुलूप सोडणाराच थांबतो, हा या रचनेतला खरा अन्याय आहे.

रुबी या भाषेत हाच प्रश्न अधिक ठळक दिसतो. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची ही भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक संकेतस्थळे तिच्यावर आणि तिच्या रेल्स या चौकटीवर उभी आहेत. तिच्या नेहमीच्या रनटाइममध्येही असेच एक कुलूप आहे, मात्र तेथील कालांश १०० मिलिसेकंदांचा आहे. वरचेच उदाहरण तेथे मांडले तर २० प्रश्नांच्या त्या विनंतीला जवळजवळ २ सेकंद लागतील. एवढ्या वेळात माणूस पान पुन्हा लोड करण्याचे बटण दाबतो आणि कामात आणखी एकाची भर घालतो. दीर्घकाळ हा आकडा वापरणाऱ्याच्या हाती नव्हता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या रुबी ३.४ मध्ये ‘रुबी थ्रेड टाइमस्लाइस’ या नावाचा पर्यावरण-चल देण्यात आला. हे शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, मध्ये अधोरेखा घालून लिहायचे आणि पुढे मिलिसेकंदांचा आकडा द्यायचा. तेथे १० लिहिले तर आपली विनंती सुमारे २०० मिलिसेकंदांत आटोपेल. त्याच वर्षी रेल्स ७.२ ने पूमा या सर्व्हरच्या थ्रेडची नेहमीची संख्या ५ वरून ३ केली. रांगेतली माणसे कमी केली की प्रत्येकाचे थांबणे कमी होते, हाही एक मार्गच.

मग आकडा शक्य तितका लहान का ठेवू नये? कारण प्रत्येक अदलाबदलीला किंमत पडते. एक थ्रेड थांबवून दुसरा सुरू करायचा, आणि प्रोसेसरच्या जवळच्या स्मृतीत पहिल्याची जी सामग्री जमली होती तिच्या जागी दुसऱ्याची आणायची. समजा एका अदलाबदलीत एकूण १० मायक्रोसेकंद जातात. ५ मिलिसेकंदांचा कालांश असेल तर सेकंदाला फार तर २०० अदलाबदली होतील आणि २ मिलिसेकंद खर्च होतील. हिशेबात न धरण्याइतके. कालांश ०.१ मिलिसेकंदांवर आणला तर अदलाबदली १०,००० होतात आणि सेकंदातील १०० मिलिसेकंद, म्हणजे दहावा भाग, केवळ फोन ठेवण्या-उचलण्यात जातो. शून्य कालांश तर पायथॉन स्वीकारतच नाही. तो चूक दाखवून थांबतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. टकटक ऐकू येण्यासाठी वाक्य संपावे लागते. तीस लाख संख्यांची यादी क्रमाने लावण्याचे काम पायथॉनच्या दृष्टीने एकच सूचना आहे. ती पुरी होईपर्यंत कुलूप सुटत नाही, मग कालांश ५ मिलिसेकंदांचा असो वा अर्ध्या. गो या भाषेलाही हा त्रास होता. ज्या चक्रात एकाही फंक्शनला हाक मारलेली नाही, ते चक्र कोणासाठीच थांबत नसे. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या गो १.१४ ने चालू वाक्यातही थांबवण्याची सोय केली.

तेव्हा आपल्या अभियंत्यांनी काय करावे? आधी मोजावे. सर्व्हरवर लहान विनंत्या आणि अवजड आकडेमोड एकाच प्रोग्रॅममध्ये नांदत असतील आणि विनंत्या रेंगाळत असतील, तरच या आकड्याकडे वळावे. पायथॉनमध्ये ‘सिस’ या मोड्यूलमधील ‘सेटस्विचइंटरव्हल’ या फंक्शनला सेकंदांत किंमत द्यायची असते. १ मिलिसेकंदासाठी ०.००१. हा बदल साऱ्या इंटरप्रिटरला लागू होतो, म्हणून तो मुख्य प्रोग्रॅमच्या आरंभी, उघडपणे, शेजारी कारण लिहून करावा. इतरांना वापरायला दिलेल्या लायब्ररीने तो गुपचूप बदलणे हे पाहुण्याने यजमानाच्या घरचे घड्याळ फिरवण्यासारखे आहे. आणि गुणपत्रिका तयार करण्यासारखे काम वेगळ्या प्रोसेसकडे सोपवता येत असेल तर तेच करावे. तिचा इंटरप्रिटर वेगळा, कुलूप वेगळे. त्या रांगेचा या रांगेशी संबंध उरत नाही. पायथॉन ३.१३ पासून, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरपासून, हे कुलूप काढून चालणारी वेगळी बांधणीही मिळते. त्या आवृत्तीत ती प्रायोगिक म्हणूनच दिली होती, आणि जुन्या लायब्ररी तिच्याशी जुळतात की नाही हे प्रत्येकाने तपासून घ्यावे लागते.

दहावी-अकरावीच्या मुलांसाठी एक प्रयोग सुचवतो. ज्यांचा प्रोग्रामिंगशी संबंध नाही त्यांनी येथून पुढे वाचले नाही तरी चालेल. लिनक्स असलेला संगणक आणि पायथॉनची नेहमीची बांधणी घ्यावी. एका थ्रेडने १ मिलिसेकंदाची झोप २०० वेळा घ्यावी आणि एकूण वेळ छापावा. तो एकटा असताना पाव सेकंदाच्या आसपास आकडा यावा. मग शेजारी अखंड मोजत राहणारा दुसरा थ्रेड सुरू करून तेच पुन्हा करावे; गणिताने १.२ सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा. त्यानंतर स्विच इंटरव्हल ०.०००५ करून पाहावे आणि तिन्ही आकडे नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावेत. अखेरीस मोजणाऱ्या थ्रेडच्या जागी तीस लाख विस्कळीत संख्यांची यादी पुन्हा पुन्हा क्रमाने लावणारा थ्रेड ठेवावा. या खेपेस झोपांची संख्या २०० वरून १० करावी, नाहीतर जेवणाची घंटा होईपर्यंत बसावे लागेल. मग आकडा ०.००५ ठेवावा, ०.०००५ ठेवावा; एकूण वेळ जवळजवळ तेवढाच राहील.