हिमनदीचा जमाखर्च

हिमनदीचा पाठ देताना वसई-विरारच्या मुलांना बर्फ कोठून दाखवावा, असा प्रश्न शिक्षकांपुढे उभा राहतो. बर्फ नसला तरी गावात बावखल आहे. पाठास तेवढे पुरे.

बावखलात पाऊस ही जमा. बाष्पीभवन व उपसा हा खर्च. हिमनदीत हिवाळ्यातील हिम ही जमा व उन्हाळ्यातील वितळणे हा खर्च. हवा तापत गेली की खर्च वाढतो व हिमनदी वर्षानुवर्षे रोडावते. हा हिशेब ठेवण्यासाठी संशोधक बर्फात भोके पाडून बांबू रोवतात आणि उन्हाळ्याअखेर ते किती उघडे पडले हे मोजतात. 100 सेंटिमीटर बर्फ म्हणजे सुमारे 90 सेंटिमीटर पाणी. हिमाचल प्रदेशातील छोटा शिग्री हिमनदीवर 2002 पासून अशी मोजणी होत आली आहे.

शिक्षकांनी दिवाळीनंतर बावखलात खुणा केलेला बांबू स्वतः रोवावा. मुलांनी काठावरूनच दर आठवड्यास पातळी वाचून तक्ता भरावा. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. दरवर्षीचे तक्ते शाळेत जपून ठेवावेत.

हिमनद्यांचे पाणी अखेर समुद्रास मिळून त्याची पातळी वाढविते. समुद्र चढला की खारे पाणी आपल्या विहिरींकडे सरकते. त्यास थोपविणारे गोडे पाणी बावखले जमिनीत मुरवितात. तेव्हा बावखल बुजविले तर विहिरीचे काय होईल, हा प्रश्न मुलांस शेवटी अवश्य विचारावा.