घरगुती वेल्डिंग मशीन घेताना: रॉड आणि आर्गॉनसाठी एकच लहान मशीन कशी निवडावी?

आमचा धंदा कापडाचा. वेल्डिंगवर कापडवाल्याने लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, जिथे माग चालतो तिथे लोखंडाच्या कारीगराशिवाय एक दिवस निभत नाही. कुरआनमध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि ते आपल्या हाताच्या कमाईवर जगत, हे हदीसमधून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून या हुनराची आम्हाला लहानपणापासून कदर आहे, आणि घरच्या दुरुस्तीपुरते वेल्डिंग आम्ही स्वतःही शिकलो आहोत.

काही दिवसांपूर्वी गल्लीतला एक तरुण दुकानावर आला. दिवसा मागाच्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी घराच्या ओट्यावर लोखंडाच्या वस्तू बनवण्याची हौस. म्हणाला, "चाचा, 225 अँपिअरची मशीन हप्त्यावर मिळते आहे. रॉडही चालतो आणि आर्गॉनही. घेऊन टाकू का?" आम्ही म्हटले, "बेटा, आधी बस. हप्त्याचा कागद नंतर पाहू, आधी कामाचा हिशेब करू." त्या बैठकीत जे बोललो, तेच आज वाचक बंधूंसाठी नीट मांडत आहोत.

दोन पद्धती, दोन स्वभाव

रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतः वितळून जोडात भरतो. रॉडवरच्या लेपाचा धूर वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो आणि वर खपली धरते, ती नंतर हातोडीने काढायची. हा लेप असलेला रॉड स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांची देणगी. त्यांनी 1904 मध्ये एसाब ही कंपनी काढली, ती आजही चालू आहे. रॉडला थोडा गंज, थोडा वारा, उघडी जागा, सारे चालते. गरीब कारीगराची ही पद्धत आहे.

आर्गॉन वेल्डिंग, ज्याला टिग म्हणतात, त्याचा स्वभाव वेगळा. यात टंगस्टनची सुई असते. टंगस्टन सुमारे 3400 अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून सुई टिकते आणि केवळ ज्योत देते. भरणीची तार दुसऱ्या हाताने द्यावी लागते आणि वरून आर्गॉन वायूचे छत्र असते. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत उभी केली. तेव्हा आर्गॉनऐवजी हेलियम वापरत. हिचा जोड स्वच्छ येतो, ठिणग्या जवळजवळ उडत नाहीत, पातळ स्टील जोडता येते. पण धातू धुतल्यासारखा स्वच्छ हवा आणि वारा अजिबात नको. पंख्याची झुळूक आली तरी वायू उडून जोडाला छिद्रे पडतात.

आधी काम ठरवा, मग मशीन

कापड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही पहिले विचारतो, शिवायचे काय आहे? इथेही तेच. घरच्या हौशी माणसाचे काम बहुधा चौकोनी पाइपचे स्टँड, खिडकीची जाळी, फाटक, टेबलाचे पाय, सायकलचा कॅरिअर इतकेच असते. पाइपची जाडी 16 किंवा 18 गेज, म्हणजे सुमारे 1.6 किंवा 1.2 मि.मी. अँगलची 3 ते 5 मि.मी.

रॉडसाठी करंट साधारण असा लागतो: 2 मि.मी. रॉडला 40 ते 60 अँपिअर, 2.5 मि.मी. रॉडला 60 ते 90, आणि 3.15 मि.मी. रॉडला 90 ते 130. आर्गॉनमध्ये लोखंडाच्या दर मि.मी. जाडीला अंदाजे 40 अँपिअर धरतात. म्हणजे घरच्या कामाला 130 अँपिअरच्या वर जाण्याची वेळ क्वचितच येते. 160 अँपिअरची खरी मशीन घराला भरपूर झाली. त्यापुढचा आकडा घेणे म्हणजे सदऱ्याला लागणाऱ्या कापडासाठी अख्खा ताका घेणे होय. हा इसराफ आहे.

दोन कामे मात्र आधीच बाजूला ठेवा. पहिले, ॲल्युमिनिअम. लहान आणि स्वस्त मशीन फक्त डी.सी. देतात. ॲल्युमिनिअम 660 अंशांना वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्याही वर वितळतो. तो फोडायला ए.सी. टिग लागते आणि ती मशीन बरीच महाग असते. महिन्याकाठी एखाद्या पातेल्यासाठी ती घेऊ नये. ते काम जाणत्या कारीगराला द्यावे. दुसरे, बिडाचे भाग. मागाची चौकट आणि बरेच भाग बिडाचे असतात. साध्या रॉडने बीड जोडले तर जोड राहतो आणि शेजारीच तडा जातो. त्याला निकेलचा रॉड, सावकाश तापवणे आणि सावकाश थंड करणे लागते. शिकाऊ हाताने शेजाऱ्याच्या मागाच्या भागाला हात लावू नये. त्याची रोजी त्यावर आहे.

आकड्याचा पन्ना मोजून घ्या

कापडाच्या ताक्यावर पन्ना छापलेला असतो, तरी शहाणा व्यापारी गज लावून मोजतो. मशीनवरचा मोठा आकडाही तसाच मोजून घ्यावा.

मशीनच्या पाठीवर एक पट्टी असते. तीवर "ड्यूटी सायकल" पाहा. हा हिशेब 10 मिनिटांचा असतो. 160 अँपिअरवर 60 टक्के म्हणजे 6 मिनिटे काम आणि 4 मिनिटे विश्रांती. अशी मशीन सुमारे 124 अँपिअरवर न थांबता चालते. आता आय.ई.सी. 60974-1 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ही चाचणी 40 अंश तापमान धरून होते. काही स्वस्त मशीनवर 20 किंवा 25 अंशांचा आकडा छापलेला असतो. आपल्याकडे वैशाखात पत्र्याखाली काय होते ते सांगायला नको. तापमान लिहिलेलेच नसेल तर आकडा कच्चा समजावा.

घराच्या विजेचा हिशेब

या भागात बहुतेकांची फसगत होते. रॉडच्या वेल्डिंगमध्ये व्होल्टेज असे धरतात: 20 अधिक करंटच्या 0.04 पट. म्हणजे 80 अँपिअरला 23.2 व्होल्ट. 80 गुणिले 23.2 बरोबर 1856 वॉट. मशीनची घट धरून सुमारे 2200 वॉट ओढले जातात. 230 व्होल्टवर हे साडेनऊ अँपिअर दिसते, पण साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर 0.7 च्या आसपास असतो, त्यामुळे तारेतून प्रत्यक्षात 13 ते 14 अँपिअर वाहतात. याच रीतीने 120 अँपिअरला सुमारे 22 अँपिअर आणि 200 अँपिअरला 40 च्या पुढे.

आता विचार करा. घरचा मोठा सॉकेट 16 अँपिअरचा. त्यावर 2.5 मि.मी. रॉड आरामात चालेल, 3.15 चा रॉड चालणार नाही, आणि 16 अँपिअरची पिन लावलेली "225 अँपिअर"ची मशीन तर आपल्याच आकड्याला खोटे ठरवते. म्हणून मीटरपासून वेगळी 4 चौ. मि.मी. तांब्याची तार, 32 अँपिअरचा एम.सी.बी. आणि पक्के अर्थिंग लायसन्सधारक वायरमनकडून करून घ्यावे. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही पाहावा. आकडा टाकून घेतलेली वीज ही चोरी आहे. तिच्यावर केलेल्या कामात बरकत कुठून येणार?

आर्गॉनला वीज कमी लागते. त्याचा हिशेब 10 अधिक 0.04 पट, म्हणजे 80 अँपिअरला 13.2 व्होल्टच. ज्याच्या घरची वीज कमजोर आहे त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

आर्गॉनची बाजू

"टिग चालते" असे लिहिलेल्या मशीनसोबत टॉर्च, रेग्युलेटर आणि बाटली मिळेलच असे नाही. डब्यात काय आहे ते दुकानदाराला आधी विचारावे. या गोष्टींचा एकत्र खर्च कधी मशीनच्या जवळ जातो.

ज्योत पेटवण्याचे तीन प्रकार आहेत. घासून पेटवणे सर्वांत स्वस्त, पण सुईचे टोक खराब होते. टेकवून उचलणे, म्हणजे "लिफ्ट", घरासाठी उत्तम. तिसरा उच्च फ्रिक्वेन्सीचा. तो सोयीचा असतो, पण किंमत वाढवतो आणि जवळच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना त्रास देऊ शकतो. शक्य असल्यास वायू मशीनमधून आपोआप सुरू होणारा आणि ज्योत विझल्यावर काही सेकंद चालू राहणारा घ्यावा. टॉर्चवर हाताची चावी असलेला प्रकारही चालतो, फक्त ती बंद करायला विसरू नये.

वायू शुद्ध आर्गॉनच हवा. कार्बन डायऑक्साइड किंवा मिश्र वायू चालत नाही, सुई जळते. 1.5 घनमीटरच्या लहान बाटलीत 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला 8 लिटर धरले तर ती तीन तासांच्या थोडी वर ज्योतीला पुरते. सुई 1.6 मि.मी. ची घ्यावी. लाल टोकाच्या सुईत थोरिअम असते, ते किरणोत्सारी आहे आणि सुईला धार लावताना त्याची धूळ श्वासात जाते. सोनेरी किंवा निळ्या टोकाची लँथेनमची सुई घ्यावी. टॉर्च नेहमी ऋण टोकाला. धन टोकाला लावला तर सुईच वितळते. रॉडसाठी होल्डर कोणत्या टोकाला लावायचा ते रॉडच्या डब्यावर लिहिलेले असते.

दुकानात तपासणी

आपला 3.15 चा रॉड सोबत न्यावा. दुकानाच्या जोडणीवर 110 अँपिअरला चार रॉड लागोपाठ जाळून पाहावेत. ज्योत मंद होत असेल किंवा मशीन बंद पडत असेल तर पुढे बोलू नये. डी.सी. मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर पडद्यावरचा आकडा आणि तारेतला करंट पडताळून घ्यावा. मग 20 अँपिअरवर ज्योत स्थिर राहते का, हे पाहावे, कारण पातळ पत्र्याचे काम तिथेच असते. दुरुस्ती गावात होते की मशीन बाहेर पाठवावी लागते, हेही विचारावे. पक्के बिल घ्यावे. जो दुकानदार तपासू देत नाही, त्याचा माल तपासण्यासारखा नसतो.

एका चुकीची कबुली

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या गोदामातच कापडाच्या रॅकचा तुटलेला पाय जोडला. कापड दोन हात दूर सरकवले होते, तेवढ्यावर समाधान मानले. काम संपवून कुलूप लावले. इशाच्या नमाजनंतर परतताना वास आला. एक ठिणगी रॅकमागच्या सुताच्या कचऱ्यात पडून तासन् तास धुमसत होती आणि एका ताक्याची कड काळी पडली होती. अल्लाहने वाचवले. अर्धा तास उशीर झाला असता तर गोदाम गेले असते, आणि वरच्या मजल्यावर लेकरे झोपलेली होती. म्हणून सांगतो, सूत, कापूस आणि कापड जिथे आहे तिथे वेल्डिंग नकोच. काम उघड्यावर करावे, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवावी, आणि काम संपल्यावर निदान तासभर लक्ष ठेवावे.

कपडा सुतीच घालावा, हे तर आम्ही धंद्याच्या तजुर्ब्याने सांगतो. पॉलिस्टर सुमारे 250 ते 260 अंशांना वितळते आणि कातडीला चिकटते. टेरिकॉटचा शर्ट घालून रॉड धरू नये. काच 10 किंवा 11 नंबरची हवी. उघड्या डोळ्याने ज्योत पाहिली तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना होते, म्हणून गल्लीतल्या मुलांच्या नजरेआड पडदा लावावा. शेजाऱ्याचा हक्क इथेही आहे. जी.आय. पाइपचा जस्ताचा मुलामा जोडाच्या जागी आधी घासून काढावा. त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. बंद खोलीत आर्गॉन साठला तर श्वासाला हवा उरत नाही, म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवून फक्त थेट झुळूक अडवावी.

पैशाचा प्रश्न

शेवटी आम्ही हप्त्याचा कागद पाहिला. त्यात व्याज होते. आम्ही तरुणाला विचारले, "हौस म्हणून सुरू करतोस आणि पहिल्याच दिवशी व्याजात अडकतोस, हे कोणत्या हिशेबाने?" मार्ग असे आहेत: आधी रॉड चालवण्यापुरती मशीन रोखीने घ्यावी, फक्त ती लिफ्ट टिगला जोडता येणारी असावी. हात बसला की टॉर्च आणि बाटली नंतर घ्यावी. नाहीतर दोन-तीन मित्रांनी भागीदारीत घ्यावी, हिस्सा आणि वापराचे दिवस कागदावर लिहून. किंवा घरच्या मोठ्यांकडून कर्जे-हसना घ्यावे आणि फेडीची तारीख ठरवून ती पाळावी.

त्या तरुणाने दुसऱ्या गल्लीतल्या मित्रासोबत 160 अँपिअरची मशीन रोखीने घेतली. आर्गॉनची बाटली अजून आलेली नाही. सध्या दोघे रोज मगरिबनंतर भंगारातल्या पट्ट्यांवर रॉडचा सराव करतात. गेल्या आठवड्यात त्याने आमच्या दुकानासाठी कापड टांगण्याचा स्टँड आणून दाखवला. एक जोड कच्चा होता, आणि तो आम्ही दाखवण्याआधी त्याने स्वतःच सांगितला. स्टँड परत नेला, जोड घासून पुन्हा केला. आम्ही मजुरी पूर्ण दिली. आपल्या मालाचा ऐब आपण होऊन सांगणारा कारीगर उपाशी राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

अल्लाह तआला आपल्या तरुणांच्या हाताला हुनर आणि कमाईला बरकत देवो. आमीन.